लाभ, दोन, तीन

चाहू मेंगाळ मोजायला लागला की 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणे. लाभ, दोन, तीन, चार. खळ्यावर भात मापताना पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणायची रीत आमच्या शहापूर-मुरबाडकडे जुनी आहे. माझे आजोबाही तसेच मापत. पण चाहूदादा कंपनीतसुद्धा तसंच मोजायचा. डब्यातून स्क्रू काढताना लाभ, केबलचे वेढे मोजताना लाभ, कँटीनमध्ये चपात्या घेताना लाभ. एकदा मी विचारलं, "दादा, चपातीत कसला लाभ?"

"पयली मिळाली हाच लाभ," तो म्हणाला. "दुसरीपासून मोजायचं."

त्याची ही सवय मी एकदा चारचौघांत विनोद म्हणून सांगितली. त्या विनोदाचं पुढे काय झालं ते मला सांगायचं आहे. पण आधी माणूस सांगतो. तो एक दिवस सोडला तरी त्याच्यात सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

आमची कंपनी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत. प्लायवूड चिकटवायचा गोंद बनवते. मी सापगावचा. वडील आटगावला गोडाऊनमध्ये माल उतरवायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. शाळा शहापूरला, मराठीत. पुढे इंजिनिअरिंग इंग्रजीत. त्या दोन्हींच्या मधल्या फटीत माझं बरंचसं शिक्षण सांडून गेलं. ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा फील्डबसची व्याख्या मला तोंडपाठ होती. फील्डबसची केबल हातात कधी धरलेली नव्हती.

चाहूदादा कंत्राटी कामगार होता. वैशाखऱ्याच्या पुढे, रस्त्यापासून वर चढून गेलं की त्यांची वाडी. स्वतःची जमीन नाही. बाप दुसऱ्यांच्या खळ्यांवर धान्य मापायचा. हाताला बरकत आहे म्हणून लोक लांबून बोलवायला येत. मापणं संपलं की आईबाप पोरांना घेऊन वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. अशा घरातला हा माणूस आधी कंपनीचं बांधकाम चालू असताना विटा वाहायला आला, मग पाइप उचलायला, मग केबल ओढायला, आणि केबल ओढता ओढता आत राहिला. मी लागलो तेव्हा त्याचं वय पंचेचाळीस असेल, पन्नास असेल. त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

अंगाने काटकुळा. वरचे दोन दात पुढे, म्हणून तो ओठ मिटून हसायचा आणि हसू डोळ्यांतून बाहेर काढायचा. पॅनेलच्या खोलीत शिरताना सेफ्टी बूट दाराबाहेर काढून ठेवायचा. त्यावरून सुपरवायझरची रोज बोलणी खायचा, रोज पुन्हा बूट घालायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचा. मोटर नीट चालते की नाही हे बघायला स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला लावून मूठ कानाशी धरायचा. वाकड्या पाइपातून केबल न्यायची असली की त्याच्याकडे घरून तासून आणलेली बांबूची लांब, गुळगुळीत कामटी असे. बाहेरचे कॉन्ट्रॅक्टर पोलादी तार घालून घामाघूम व्हायचे. हा कामटीला तेलाचा हात फिरवायचा आणि ती कामटी साप बिळात जावा तशी आत जायची. वायर स्क्रूखाली आवळली की तीनदा ओढून बघायचा. त्याशिवाय झाकण लावायचा नाही. मी घाई केली की म्हणायचा, "ओढून बगितलीस? मग ती लागली नाय, नुसती टेकली हाय."

मी रोज मोटरसायकलने सापगावहून किन्हवलीमार्गे सरळगावला यायचो. तो वैशाखऱ्याहून जीपने येऊन सरळगावच्या फाट्यावर उतरायचा. तिथून मुरबाडपर्यंत तो माझ्या मागे बसायचा. कंपनीच्या गेटच्या आत मी त्याचा 'दिनेश सायब' असायचो. गाडीवर नुसता 'दिनेश'. माझं खरं शिक्षण त्या गाडीवर झालं. मी पुढे बघून ऐकायचो, तो मागून कानाशी ओरडून शिकवायचा.

आमच्या प्लांटमध्ये पूर्वी प्रत्येक मोटरपासून, प्रत्येक व्हॉल्व्हपासून कंट्रोल पॅनेलपर्यंत वेगळ्या वायरी यायच्या. मग फील्डबस आली. एकच जांभळी केबल. ती पॅनेलमधल्या कंट्रोलरपासून निघते आणि एका पेटीतून दुसऱ्या पेटीत, दुसरीतून तिसरीत अशी शेवटपर्यंत जाते. मोटर चालवणारा ड्राइव्ह असो की व्हॉल्व्हची पेटी, प्रत्येकाला एक नंबर. त्या दोन तारांवरून सगळ्यांशी बोलणं चालतं. मी ही गोष्ट चार पानं इंग्रजीत लिहून परीक्षेत मार्क मिळवले होते. चाहूदादाने ती मला सरळगाव आणि मुरबाडच्या मध्ये कुठेतरी सांगितली.

"शाळेतली हजेरी हाय ती," तो म्हणाला. "पॅनेलातला तो मास्तर. तो नंबर पुकारतो. ज्याचा नंबर त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप. नंबर पुकारला आणि कोण बोललंच नाय तर मास्तर जरासा थांबतो. परत पुकारतो. तरी नाय बोलला तर मग लाल दिवा."

"आणि शेवटच्या पेटीत ते बटण असतं ते?" मी विचारलं. केबलच्या प्रत्येक कनेक्टरवर एक छोटं बटण असतं. ते दोन्ही टोकांनाच चालू ठेवायचं, मध्ये कुठे नाही, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं.

"तू माळशेज घाटात हाक मारलीस कधी? कड्यावर आपटून परत येते ना? तसं. केबलच्या टोकाला आवाज आपटतो आणि मागं फिरतो. मग मास्तरला कळत नाय, कोण बोललं आणि कोणाचं परत आलं. म्हणून शेवटच्या घराचं दार लावून घ्यायचं."

मी गाडी चालवत होतो म्हणून बरं. नाहीतर माझा चेहरा त्याला दिसला असता. कॉलेजच्या चार वर्षांत मला हे असं कोणी सांगितलं नव्हतं.

हे दार पुढे कामाला आलं. एकदा सहाव्या पेटीच्या पुढचं सगळं बंद पडलं. पुण्याहून माणूस आला. लॅपटॉप लावून दोन दिवस बसला. नवीन केबल मागवावी लागेल म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी चाहूदादा पेट्यांवरची धूळ पुसत लाइनच्या कडेने गेला आणि सहाव्या पेटीशी थांबला.

"सायब," त्याने पुण्याच्या माणसाला हाक मारली, "मधल्या घराचं दार लावलंय कोणीतरी."

साफसफाई करताना कोणाच्या तरी फडक्याने ते बटण चालू झालं होतं. पुढच्या सगळ्या पेट्या त्या बंद दारापलीकडे राहिल्या होत्या. त्याने नखाने बटण मागे ढकललं आणि एकेक हिरवा दिवा लागत गेला. पुण्याचा माणूस भला होता. त्याने हात मिळवला आणि विचारलं, "शिक्षण किती झालंय तुमचं?"

"तिसरी," चाहूदादा म्हणाला. मग थोडं थांबून, "पण दोनदा."

वीटभट्टीमुळे तिसरी अर्धवट राहिली होती, म्हणून परत बसला होता. दुसऱ्या वर्षीही अर्धवटच राहिली. मास्तरांनी पटावरून नाव काढून टाकलं. ते नाव काढल्याचं तो कधी बोलला नाही. एकदाच बोलला, आणि तेही मी विचारलं म्हणून. "भट्टीवरनं आलो. वर्गात जाऊन बसलो. मास्तर नावं घेत गेले. माजं आलंच नाय. मी 'हजर' बोलायला तोंड उघडून बसलेलो." एवढं सांगून तो ओठ मिटून हसला.

कंपनीत माझा तिसरा महिना असेल. चालू लाइनवर मी एका ड्राइव्हचा कनेक्टर बघायला म्हणून काढला. सगळी लाइन थांबली. सुपरवायझर लांबूनच ओरडत आला. "कोणी हात घातला?" मी हातातल्या कनेक्टरकडे बघत राहिलो. चाहूदादा शिडीवर होता, माझ्यापासून दहा हात लांब. तो शिडीवरूनच म्हणाला, "माजा धक्का लागला सायब. जाडा झालोय ना हल्ली."

तो काडीसारखा माणूस. सुपरवायझरलाही हसू आलं. दोन शिव्या देऊन तो गेला.

संध्याकाळी गाडीवर मी विचारलं, "दादा, तुम्ही का स्वतःवर घेतलंत?"

"तू नवा हायस," तो म्हणाला. "माज्यावर रोज कोण ना कोण वरडतंच. त्यात आजून एक." मग जरा वेळाने कानाशी आला. "पण पुढच्या टायमाला बोलायचं हां. तोंड हाय ना आपल्याला?"

आता तो विनोद.

प्लांट मॅनेजरना आम्ही मोठे सर म्हणायचो. महिन्यातून एकदा ते कँटीनमध्ये आमच्या टेबलावर बसून जेवायचे. अशा वेळी मोठ्या माणसांना हसवता आलं तर बरं वाटतं. विशेषतः ज्याला इंग्रजी फाडफाड येत नाही त्याला. मी म्हणालो, "सर, आमचे चाहूदादा एकपासून मोजतच नाहीत." आणि पलीकडच्या टेबलावर ताट घेऊन बसलेल्या त्याला मी हाक मारली, "दादा, जरा सरांना चपात्या मोजून दाखवा."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं. मग चपात्या उचलून दाखवल्या. "लाभ, दोन, तीन."

सगळे हसले. मोठे सर हसले. चाहूदादाही हसला, ओठ मिटून. त्या दिवसापासून पोरं त्याला 'लाभ आला, लाभ गेला' म्हणायला लागली. त्याने त्याबद्दल मला काही म्हटलं नाही. मलाही त्यात काही वाटलं नाही. मोठ्या सरांनी जाताना माझ्या पाठीवर थाप मारली होती, तेवढंच माझ्या लक्षात राहिलं.

त्याच वर्षी कंपनीने ठरवलं, की जुन्या कंत्राटी लोकांतल्या चौघांना कायम करायचं. चौघांत चाहू मेंगाळ होता. यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा त्याने ती मला वाचायला लावली. आपलं नाव त्याला वाचता येत होतं. पुढचा शब्द कळत नव्हता.

"टेक्निशियन," मी वाचलं.

"परत बोल."

"टेक्निशियन."

त्याने नावावरून बोट फिरवलं. मग बोर्डाची काच बाहीने पुसली. आपल्या बोटाचा डाग राहू नये म्हणून.

फॉर्म मी भरला. जन्मतारीख माहीत नव्हती, ती आम्ही दोघांनी मिळून ठरवली. शिक्षणाच्या रकान्यात मी 'तिसरी' लिहिलं तर तो म्हणाला, "दोनदा लिव ना," आणि खूप हसला. फोटो त्याने सरळगावात काढून घेतला. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. मला पाकिटातून काढून दाखवला आणि काळजीने विचारलं, "दात दिसतात का रे?"

"नाही दिसत."

"कार्डावर तोच येईल ना? जन्मभर राहील तो." यंदा पोरगा आणि सून भट्टीवर गेले नाहीत तरी चालेल, असंही तो त्या दिवशी म्हणाला. आणि आणखी एक. "गेटवर आता नाव घेतील. कंत्राटदाराचा मानूस नाय बोलणार."

मग दिवाळीनंतरचं शटडाऊन आलं. वर्षातून एकदा प्लांट बंद करून सगळी दुरुस्ती करतात. गोंद शिजवायच्या मोठ्या केटलला थंड पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हची पेटी खराब झाली होती. ती बदलायचं काम माझं. चाहूदादा दुसऱ्या टोकाला होता. पेटी बसवली, वायरी लावल्या, तीनदा ओढून बघितल्या. राहिला नंबर. तो पेटीवरचं एक छोटं चाक स्क्रूड्रायव्हरने फिरवून द्यायचा असतो. मी ड्रॉइंग उघडलं. त्यात दोन रकाने होते: पहिला अनुक्रमांक, दुसरा नंबर. आमच्या लाइनवर एक हा नंबर स्वतः कंट्रोलरचा, म्हणून पेट्या दोनपासून सुरू होतात. ही पेटी अनुक्रमांकाने सातवी होती, म्हणून तिचा नंबर आठ. मी पहिला रकाना बघितला आणि सात लावला.

चाहूदादाकडून ही चूक कधीच झाली नसती. तो मोजायला लागायचा तो पॅनेलमधल्या मास्तरवर हात ठेवून. लाभ. मग पहिल्या पेटीला दोन, पुढच्या पेटीला तीन. त्याची रीत आणि मशीनची रीत एकच होती. एकपासून मोजायला शाळेत शिकलेला मी होतो.

सात नंबर आधीच होता, ढवळणीच्या मोटरचा. पण थंड पाण्याच्या भागाची वीज दुरुस्तीसाठी बंद होती, त्यामुळे माझी पेटी तेव्हा बोलतच नव्हती आणि तिथला लाल दिवा कोणी मनावर घेतला नाही. प्लांट चालू झाला. केटलमध्ये माल शिजला. थंड पाणी सोडायची वेळ आली, त्या भागाची वीज दिली आणि मास्तरने सात पुकारल्यावर दोघं एकदम बोलले. सगळी लाइन लाल झाली. ढवळणी थांबली, पाणी आलंच नाही. आम्ही धावाधाव करेपर्यंत केटलमधला गोंद दगड होऊन बसला.

चूक चाहूदादानेच शोधली. लाइनच्या कडेने चालत, प्रत्येक पेटीशी वाकून, पुटपुटत. लाभ, दोन, तीन. माझ्या पेटीशी आला आणि थांबला. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, चाक सातावरून आठावर नेलं. दिवे हिरवे झाले. मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या मागेच उभा होतो. त्याने झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सरांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. सुपरवायझर, मी, चाहूदादा आणि कंत्राटदाराचा माणूस. खाली केटलमध्ये उतरून लोक छिन्नी-हातोड्याने गोंद फोडत होते. त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"नंबर कोणी लावला?" मोठ्या सरांनी विचारलं.

चाहूदादा माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. आठवणीत नसलेलं एखादं नाव कोणी सांगेल म्हणून आपण तोंडाकडे बघतो ना, तसं. माझं प्रोबेशन संपायला दोन महिने होते. आटगावच्या गोडाऊनमध्ये वडिलांनी सगळ्यांना पेढे वाटले होते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात हेच आलं होतं, म्हणून सांगतो.

"त्या पेटीवर शेवटी कोण काम करत होतं?" सरांनी सुपरवायझरला विचारलं.

"चाहू होता, सर. स्क्रूड्रायव्हर घेऊन. मी बघितलं."

"आठच्या जागी सात. म्हणजे एकाचा फरक." सर टेबलावर पेन आपटत होते. ते थांबले आणि माझ्याकडे वळले. "दिनेश, हा एकपासून मोजत नाही, असं तूच म्हणाला होतास ना?"

मला सांगता आलं असतं, की सर, 'लाभ' म्हणजे एकच. तिथून मोजलं तरी आठवा तो आठवाच येतो. हे आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला कळतं. मला सांगता आलं असतं, की सात मी लावला. सरांनी पेन खाली ठेवून वाट बघितली. चाहूदादानेही बघितली.

"हो, सर," मी म्हणालो.

एवढंच. जे विचारलं त्याचं उत्तर. ते खोटंही नव्हतं.

"चाहू, तुला काय म्हणायचंय?"

"माजं मोजणं नाय चुकलं सायब," तो म्हणाला. माझं नाव त्याने घेतलं नाही. केबिनबाहेर पडताना दार माझ्यासाठी धरून ठेवलं.

यादीतून त्याचं नाव कापलं. पुढच्या आठवड्यात कंत्राटदाराने त्याचा गेटपास बंद केला. ऑफिसमधल्या क्लार्कने त्याचा फॉर्म माझ्याकडे दिला. अक्षर माझं होतं म्हणून. "रद्द झालाय, फाडून टाक." मी फॉर्म फाडला. फोटो फाडता आला नाही. तो माझ्या ड्रॉवरमध्ये, जुन्या कनेक्टरांच्या खाली ठेवला.

त्यानंतर काही दिवस तो सरळगावच्या फाट्यावर दिसायचा. सकाळी मजूर न्यायला जीप येतात, त्या घोळक्यात. पहिल्या दिवशी लांबूनच दिसला तेव्हा मी हेल्मेटची काच खाली ओढली आणि गाडी पळवली. दुसऱ्या दिवशीही. मोटरला स्क्रूड्रायव्हर लावून आतला दोष ऐकणारा माणूस तो. माझ्या गाडीचा आवाज त्याने ओळखला नसेल, असं मला स्वतःला कधी पटवता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, गाडी जवळ आली तशी त्याने पाठ फिरवली. मला काच ओढायला लागू नये म्हणून. पुढे तो दिसेनासा झाला. पोरगा आणि सून त्या वर्षी भट्टीवर गेले, असं वैशाखऱ्याच्या एका जीपवाल्याकडून कळलं.

मी कायम झालो. बढती मिळाली. नवीन पोरं माझ्या हाताखाली आली आणि मी त्यांना हजेरीची गोष्ट सांगून फील्डबस शिकवू लागलो. कड्यावर आपटून येणारी हाक सांगू लागलो. पोरं म्हणायची, सर, तुम्ही किती सोपं करून सांगता. प्रत्येक वेळी मनात यायचं, की सांगावं, हे माझं नाही. एकदाही सांगितलं नाही.

मागच्या वर्षी मोठे सर बदलून गेले आणि नवे आले. सकाळच्या मीटिंगमध्ये ते जुन्या बिघाडांची फाइल चाळत होते. केटलचं प्रकरण आलं. त्यात 'मानवी चूक, कंत्राटी कामगार' असं लिहिलं होतं. मी हात वर केला. म्हणालो, "सर, ती चूक माझी होती. चाहू मेंगाळची नव्हती."

सर भले आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण चाहू मेंगाळ?"

त्यांनी क्लार्ककडून रजिस्टर मागवलं. कंत्राटी लोकांची नावं कंपनीच्या रजिस्टरमध्ये नसतात. फाइलमध्येही नाव नव्हतं. "ठीक आहे, दिनेश. जुनी गोष्ट आहे," सर म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. खोलीत कोणाचीही भुवई हलली नाही. ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं भीत होतो ती अशी अर्ध्या मिनिटात संपली.

त्या रविवारी मी फोटो घेऊन वैशाखऱ्याला गेलो. वाडीवर त्याची बायको होती. ती म्हणाली, "खाली खळ्यावर गेलेत. मापायला." बापासारखं त्यालाही आता लोक बोलवू लागले होते.

खळ्यावर भाताची रास होती. मालक, त्याची दोन माणसं, सुपाने भुसा उडवणाऱ्या तिघी बाया. चाहूदादा राशीशी बसून पायली पुसत होता. दाढी पांढरी झाली होती. त्याने वर बघितलं.

"सायब? वाट चुकलात का?"

बाजूला बोलवावं असं मनात आलं होतं. पण केबिनमध्येही पाच माणसं होती. मी तिथेच बोललो. "दादा, सात नंबर मी लावला होता. मी तेव्हा बोललो नाही. आता कंपनीत सांगितलं, नव्या सरांना."

सुपं थांबली. कोणाला काही कळलं नाही, पण काहीतरी आहे हे कळलं.

"काय बोलले?" त्याने विचारलं.

"कोण चाहू, म्हणाले."

तो पायलीचा काठ अंगठ्याने पुसत राहिला. "बरोबर हाय," म्हणाला. "नंबर दिल्याबिगर मास्तर कसा पुकारंल?" मग विचारलं, "आठ नंबर बोलतो का नीट?"

"बोलतो."

मी फोटो पुढे केला. त्याने तो उन्हाकडे धरून बघितला. "दात नाय दिसत," म्हणाला. "बरा काढलेला." आणि खिशात ठेवला. माझ्यासाठी त्या खिशातून काही बाहेर येईल, असं मला वाटत होतं की काय कोण जाणे. मी उभाच राहिलो.

"ए चाहू, ऊन उतरलं," मालक ओरडला.

"पोत्याचं तोंड धर," चाहूदादा मला म्हणाला. मी वाकून धरलं. त्याने पायली राशीत खुपसली, वर आणली, हाताने सपाट केली. "लाभ." भात पोत्यात पडला. "दोन." मापताना दुसऱ्याने बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. "तीन." धूळ नाकातोंडात जात होती. चार, पाच, सहा.

"सात."

पुढची पायली भरून त्याने पोत्याच्या तोंडाशी आणली आणि तशीच धरली. ओतली नाही. माझ्याकडे बघत राहिला.

"काय रे, थांबलास का?" मालकाने विचारलं.

"ह्याला मोजता येतं का बगतो," चाहूदादा म्हणाला. "इंजिनेर हाय."

सगळे हसले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, ओठ मिटून. तो हसला नाही. भरलेली पायली जड असते, तरी त्याने ती खाली केली नाही.

"आठ," मी म्हणालो.

त्याने पायली पोत्यात ओतली आणि नववीसाठी राशीकडे वाकला.